ओहायो नदीकाठचा झोपाळा

मी शारजात एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की तोंडावर "पुरे करा" म्हणणारी बाई आहे मी, आमच्या मराठी ग्रुपवर त्यासाठी बदनामही आहे. त्यामुळे इथे हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय... पण दुसरीकडे कुठे सांगू तेही कळत नाही.

आम्ही अल मजाजला राहतो, लगूनच्या समोर. मी, नवरा प्रसाद, आठ वर्षांची लेक इरा, आणि गेल्या वर्षापासून माझी आई. धाकटा भाऊ निखिल अमेरिकेत सिनसिनाटीला असतो. ओहायो नदीवरचं शहर. या काठावर ओहायो, पलीकडचा काठ म्हणजे केंटकी, दुसरं राज्य! बाबांना याचं भारी अप्रूप. "पुलावरून चालत दुसऱ्या राज्यात जायचं आणि चहाला परत यायचं," असं डोंबिवलीत भेटेल त्याला सांगायचे. त्यांचा आणि आईचा व्हिसा झाला, तिकिटं झाली... आणि जायच्या आदल्या आठवड्यात बाबा गेले. हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

मी आईला इथे घेऊन आले. निखिल किती वेळा म्हणाला, ये म्हणून. तिचं एकच, "त्यांच्याशिवाय मी काय बघू तिथे?"

मग निखिलने युक्ती काढली. दर शनिवारी, आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, तो फोन घेऊन बाहेर पडायचा आणि व्हिडिओ कॉलवर आईला शहर दाखवायचा. आम्ही कॉल टीव्हीवर लावायचो. निळा झुलता पूल, मागे मोठं चाक असलेल्या जुन्या पद्धतीच्या बोटी, टेकडीवरची चर्चेस. आई चहाचा कप घेऊन बसायची आणि सूचना द्यायची, "जरा हळू चाल रे, गरगरतं."

त्या शनिवारी तो नदीकाठच्या बागेत होता. तिथे नदीकडे तोंड करून मोठे झोपाळे टांगलेत, दोघं-तिघं बसतील असे. निखिल बोलत बोलत पुढे जात होता, तेवढ्यात आई ओरडली, "थांब! मागे घे."

त्याने फोन मागे वळवला. झोपाळ्यावर बाबा बसले होते.

क्रीम कलरचा बुशशर्ट, एक पाय वर मुडपून घेतलेला, दुसऱ्याने हळूच रेटा. नदीकडे बघत होते. मला वाटलं कुणी साउथ इंडियन गृहस्थ असतील, पण त्यांनी मान तिरकी करून कान खाजवला, अगदी बाबांच्या सवयीने. इरा म्हणाली, "आजोबा!" अगदी सहज, शाळेच्या गेटवर दिसल्यासारखं.

"कोण आजोबा?" निखिल म्हणाला. "आई, झोपाळा रिकामा आहे. हलतोय फक्त."

प्रसाद तेव्हा खाली पार्किंग शोधत होता. तो वर येईपर्यंत कॉल कट झाला होता. पुन्हा लावला तर काही नाही. तो म्हणाला, "तुम्ही तिघी बाबांची आठवण काढत बसला होतात, त्यातून वाटलं असेल." मीही मान डोलावली.

पण आई! बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. "बघितलंस? पोचले की नाही शेवटी? मला सोडून एकटेच फिरतायत." दुसऱ्या दिवसापासून तिची तयारी सुरू. रोल्लाच्या बाजारात जाऊन बॅग घेतली, चिवडा केला, आणि कपाटातून बाबांचा चॉकलेटी स्वेटर काढला. "तसेच गेलेत ते. नदीवर गारठा असतो." तिला अडवायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर अडवावंसंही वाटलं नाही, इतकी खुशीत होती ती.

तिथे ती रोज सकाळी त्या झोपाळ्यावर जाऊन बसायची. निखिल ऑफिसला जाताना सोडायचा, दुपारी घेऊन यायचा. कुणी दिसलं नाही. एका शुक्रवारी तिने फोन केला. "अगं, ते तुमच्या टीव्हीतच दिसत असतील. उद्या कॉल लाव. मी बसते, तू बघ."

शनिवारी बाहेर मगरिबची, संध्याकाळची अजान होत होती, तेव्हा कॉल लागला. निखिल समोर उभा राहून फोन धरत होता. आई झोपाळ्यावर. साडी, पायात स्पोर्ट्स शूज, वर निखिलचं जाड जॅकेट. मांडीवर स्वेटर.

आणि तिच्या शेजारी बाबा.

अगदी दुसऱ्या टोकाला, साखळीला चिकटून. अंग चोरून बसले होते. तिचा पदर लागू नये म्हणून बसतात तसे.

"दिसतायत का गं?" आई विचारत होती. बाबांचा तो चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात आईवर कधी आवाज चढवला नाही त्यांनी, चहा थंड झाला तरी तसाच प्यायचे. आणि आता तिच्याकडे बघत होते... कसं सांगू. रस्त्यातल्या घाणीकडे बघावं तसं.

माझ्या गप्प बसण्याचा अर्थ आईने बरोबर लावला. ते आहेत, एवढाच लावला. तिने स्वेटर उलगडला आणि शेजारच्या जागेवर ठेवला. "घाला हो. गारठा आहे."

बाबांनी दोन बोटांनी स्वेटर ढकलला. तो खाली पडला.

"आत्ता तर वारा नव्हता..." निखिल पुटपुटला.

मग टीव्हीच्या स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. स्वच्छ. कंटाळलेला.

"हिला कुणी आणलं इथे?"

निखिलला काही ऐकू गेलं नव्हतं, आईलाही नाही. ती फोनकडे वाकून विचारत होती, "बोलले का गं काही?"

"नाही आई," मी म्हणाले. "काही नाही. कुणीच नाहीये तिथे."

"ममा, ही डिड!" इरा उठूनच उभी राहिली. "आजी, ही सेड, हू ब्रॉट हर हिअर. ही इज अँग्री विथ यू. ही वॉन्ट्स यू टु गो अवे."

मी तिचं तोंड दाबलं. उशीर झाला होता. आईला तेवढं इंग्लिश कळतं.

पुढच्याच क्षणी बाबा उठले. झोपाळ्याला हिसका बसला, आई एका बाजूला कलंडली, निखिलने धावत जाऊन तिला धरलं. फोन गवतात पडला असावा, कारण आम्हाला फक्त आकाश दिसत होतं, आणि कडेने बाबा कठड्यालगत पुलाकडे चालत जाताना. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. आईचा आवाज तेवढा येत होता. "चल रे निखिल. मला गार वाटतंय."

त्याच आठवड्यात ती परत आली. स्वेटर आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन टाकला. वर्षश्राद्धाचा विषय काढला तर म्हणाली, "नको. त्यांना आवडायचं नाही माझ्या हातचं."

प्रसाद आता भास झाला असं म्हणत नाही. तो म्हणतो, ते बाबा नव्हतेच, दुसरं काहीतरी त्यांचं रूप घेऊन आलं होतं. मी तेच आईला समजावलं. तिने मान हलवली. "उठले तेव्हा कळलं मला. उठताना ते तस्साच पाय आपटतात. किती वर्षं ऐकलाय मी तो पाय."

ते दिसले कसे, हा प्रश्न मी कधीच सोडून दिलाय. ते असे का वागले, हे मात्र सुटत नाही. आईला तर त्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. भाजी निवडता निवडता थांबते आणि म्हणते, "त्यांच्या आईच्या आजारपणात मी माहेरी गेले होते, ते असेल का?" दुसऱ्या दिवशी आणखी काही. "त्यांना पुण्याची बदली हवी होती, मी नको म्हटलं." मी सांगते, अगं आई, तसं काही नाही. ती ऐकून घेते आणि पुन्हा शोधायला लागते.

तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा. शास्त्रातलं सांगा, नाहीतर तुमच्या मनाचं. तिला सांगता येईल असं काहीही चालेल मला. आज सकाळी चहा गाळताना तिने मला हाक मारली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"स्नेहल, मी झोपेत घोरते का गं?"