बायडाबाईची सातवी नस

बायडाबाई झोपली तरी तिचा डावा डोळा जागा राहतो. त्यामुळं तिच्या खुराड्यातली कोंबडी उचलायची आमच्या गावात कुणाची छाती नाय. एकानं एकदा हिंमत केली होती. अंगणात बाई दुपारची घोरत पडलेली, आणि एक डोळा पांढराफटक त्याच्यावर रोखलेला. गडी चप्पल टाकून पळाला. ती चप्पल बाईनं वर्षभर वापरली.

मनमाडहून चांदवडकडं जाताना रस्त्याला लागून आमचं गाव हाय. अकरा वर्षांमागं कांदा लागवडीच्या दिवसांत बाईनं सकाळी चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातनं लुगड्यावर. आरशात बघितलं तर अर्धं तोंड मेल्यागत लोंबलेलं. गाव म्हणालं, वारं गेलं. मग गावाच्या अकलेनं तिला डोंगरापल्याडच्या कबुतरवाल्याकडं नेलं. त्यानं कबुतर कापून ऊन ऊन रगत गालाला चोळलं. पाखरू जिवानिशी गेलं, तोंड मात्र जिथल्या तिथं.

तीन आठवड्यांनी ती नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पोचली. त्याला जोडून डॉक्टरकीचं कॉलेज हाय. डॉक्टर म्हणाले, "मावशी, डोक्यातनं निघणाऱ्या बारा नसा असतात. त्यातली तुमची सातवी, चेहऱ्याची, सुजली. तीन दिवसांत आला असता तर गोळ्यांचा गुण जास्त आला असता. आता सुधारेल तेवढं सुधारेल."

निम्मं सुधारलं. डावी भुवई वर जात नाय, डावा डोळा पुरता मिटत नाय आणि हसली की तोंड उजवीकडं पळतं. गावाला वाटलं बाई वाया गेली. कॉलेजला मात्र घबाड सापडलं. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला खरे पेशंट लागतात, आणि ज्याचा आजार वर्षानुवर्षं हलत नाय असा पेशंट म्हंजे सोनं. तव्हापासून परीक्षा आली की बाईला फोन येतो, "मावशी, येता ना?" आणि बाई नवं लुगडं नेसून, माहेरी निघाल्यागत, एसटीत चढती.

आजवर शेकडो पोरापोरींनी तिला तपासलं. कॉफीचा वास दिला, बोटामागं डोळे फिरवायला लावले, दात आवळायला लावले, गाल फुगवायला लावले, कानाशी तो घुमणारा लोखंडी चिमटा वाजवला, आ करायला लावला, खांदे उडवायला लावले, जीभ काढायला लावली. बाराच्या बारा नसा तिला आपल्या शेतातल्या वाफ्यांसारख्या ओळीनं पाठ झाल्या. पोरानं एखादी सोडली की ती खाकरायची. पुढं गेला की परत खाकरायची.

पण सगळ्यांना नाय. एक पोरगा आला बूट वाजवत. नाव नाय, मावशी नाय, डायरेक ब्याटरी डोळ्यात. "ए आजी, ह्याचा वास येतो का?" नाकाशी कॉफीची डबी.

"कसला वास? काय नाय येत."

पोरानं मोठ्या हौसेनं लिहिलं, पहिली नसबी गेली. परीक्षक साहेब आले, त्यांनी तीच डबी धरली. बाई म्हणाली, "कॉफी हाय, साहेब. आणि लय शिळी हाय." पोरगा सहा महिन्यांनी परत बसला. या वेळी आधी पाया पडला.

आणि एक होती माहेनूर, मालेगावची. तिनं सगळं तपासलं, पण भ्यायच्या नादात कपाळ विसरली. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "तोंड वाकडं आहे हे कुणालाही दिसतं. बिघाड नसेत आहे, मेंदूत नाही, हे कशावरून?"

माहेनूरनं बाईच्या तोंडाकडं बघितलं. बाई आपली कपाळ खाजवायला लागली.

"मावशी, हात खाली."

"माशी बसली, साहेब."

"एसी रूममध्ये माशी?"

"गावाकडून माझ्याबरोबरच आली."

माहेनूरनं ते खाजवणारं बोट पाहिलं आणि तिची ट्यूब पेटली. "सर, डाव्या बाजूला कपाळाला आठी पडत नाही. मेंदूत बिघाड असता तर कपाळ वाचलं असतं." पास झाली पोरगी.

बाहेर येऊन तिनं बाईचे हात धरले. बाईनं चान्स साधून विचारलं, "ते कपाळाचं काय एवढं, गं?"

"खाला," ती मावशीला खाला म्हणायची, "कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. तोंडाला एकाच बाजूकडून. मेंदूची एक बाजू बिघडली तर कपाळ दुसऱ्या बाजूवर चालतं, फक्त खालचं तोंड लोंबतं. पण नसच गेली तर वरचं, खालचं, सगळंच बंद. मेंदूवालं लय डेंजर. साडेचार तासांच्या आत आणायचं, आणि कव्हा झालं ते घड्याळ बघून सांगायचं. वेळ माहीत नसली तर गुठळी वितळवायचं इंजेक्शन देता येत नाही."

बाईला हे लगेच उमजलं, कारण तिचा दीर रंगनाथ गावचा झिरो वायरमन हाय. झिरो म्हंजे बोर्डाचा पगार नाय, पण खांबावर तोच चढतो. त्यानं सरपंचाच्या घराला चोरून दोन डीपीवरनं, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवरनं, लाइन दिलेली. गावची डीपी जळाली की सगळं गाव अंधारात आणि सरपंचाकडं पंखा चालू. "म्हंजे कपाळ सरपंचाचं घर हाय," बाई म्हणाली. माहेनूरला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण तिनं आपला नंबर बाईच्या फोनात घालून दिला.

झालं. गावाला डॉक्टरीण मिळाली. वट्यावर बसून बाई येणाऱ्याजाणाऱ्याला तपासायची. खुद्द सरपंचाला जीभ काढून उभं केलं आणि भरल्या चावडीसमोर सांगितलं, "जीभ सरळ हाय. वाकडं ती बोलती तेवढंच." पोस्टमनला तर खांदे उडवायला लावून अर्धा तास उडवत ठेवलं. त्यामुळं बाईच्या डॉक्टरकीला गाव हसायचं, पण मानायचं नाय.

सगळ्यात जास्त हसायची तिची धाकटी जाऊ, रंगनाथची बायको नवसाबाई. दोघींच्या घरांमधी एक कंबरभर भिंत, आणि त्या भिंतीवर तीस वर्षं भांडण वाळत घातलेलं. नवसाबाईचं ठेवणीतलं हत्यार म्हंजे नक्कल. बाईचं तोंड कसं पळतं ते ती हुबेहूब करून दाखवायची, अगदी पाहुण्यांसमोर. आणि बाई समोर दिसली की तिच्या कपाळाला चार आठ्या पडायच्या. चारच. बाईनं तीस वर्षं मोजलेल्या.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाईच्या शेळीनं भिंतीवरनं मान घालून नवसाबाईची मेथी खाल्ली. नवसाबाई भिंतीशी आली, पदर खोचला आणि सुरू झाली. बाई वट्यावर दात घासत निवांत ऐकत होती. तेवढ्यात शाळेची गाडी हॉर्न देऊन गेली. नवसाबाई म्हणत होती, "सटवे, तुझी शेळी…" पण 'सट' खणखणीत आलं आणि 'वे' लोळला. पुढचं तर नुसतं लापशीगत. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला.

बाईला वाटलं, झाली हिची नक्कल सुरू. ती उसळली, "नवसे, माझं तोंड उजवीकडं पळतं अन् तू डावीकडं पळवतीस! एवढ्या वर्षांत नक्कलबी नीट जमंना का?"

नवसाबाई उत्तर द्यायला गेली. आलं नाय. आता नवसाबाईला उत्तर सुचलं नाय, हे आभाळ खाली पडल्यासारखं. बाई दातवण टाकून भिंतीशी गेली. जवळून बघितलं. तोंड लोंबलेलं, पण कपाळावर आठ्या चारच्या चार, डावीउजवीकडं सारख्या.

सरपंचाकडं पंखा चालू होता आणि गाव अंधारात.

ती लुगडं सावरून भिंतीवरनं चढली. साठीची बाई, पण चढली. नवसाबाईला धरून तिच्या वट्यावर बसवलं आणि बोंब ठोकली. माणसं जमली, रंगनाथ धावत आला. तांब्यात साखरेचं पाणी कालवून तो बायकोच्या तोंडाला लावणार, तोच बाईनं तांब्या उडवला.

"गिळायची नस बघितल्याबिगर थेंब द्यायचा नाय! ठसका लागून छातीत जाईल!"

"वहिनी, आता तरी खेळ बंद करा तुमचा," रंगनाथ खवळला. "वारं गेलंय तिला. तुम्हालाबी असंच झालं होतं ना? काय झालं? मेला का तुम्ही? कबुतरवाल्याकडं नेतो, झालं."

सगळ्यांनी माना डोलवल्या. कुणी म्हणालं, "तर काय! बाईचं तोंड अकरा वर्षं वाकडं हाय, शेतात गड्यासारखी राबतीय." बाईला उभ्या जन्मात आपल्या तोंडाचा एवढा राग आला नव्हता. तेच तोंड आज पुरावा होऊन नवसाबाईला मारायला निघालं होतं.

तिनं रंगनाथचा सदरा धरला. "भाऊजी, गावची डीपी जळाली तर काय होतं?"

"डीपीचं काय काढलं मधीच?"

"सांगा तर!"

"गाव अंधारात."

"आणि सरपंचाचं घर?"

रंगनाथनं इकडंतिकडं बघितलं. "ते… ते…"

"चालू राहतं. तुम्ही चोरून दुसऱ्या डीपीवरनं लाइन दिलीय म्हणून. आख्ख्या गावाला माहीत हाय, लाजू नका. आता बायकोकडं बघा. नवसे, वर बघ गं, भुवया उचल. बघा, दोन्हीकडं आठ्या. आता माझं कपाळ बघा." बाईनं भुवया उचलल्या. उजवीकडं शेत नांगरल्यागत, डावीकडं इस्त्री केल्यागत. "माझी घराची वायर तुटली होती, म्हणून सगळं घर अंधारात. हिची वायर शाबूत हाय. डीपी जळतीय, भाऊजी, वर! मेंदूत! कबुतर लावून डीपी विझती का?"

बाईनं नवसाबाईचे दोन्ही हात समोर उचलून धरले आणि सोडले. डावा राहिला. उजवा हळूहळू खाली गेला, भिंतीवरनं ओला टॉवेल घसरतो तसा.

आता वायरमनला आणखी सांगायची गरज नव्हती. "योगेश, गाडी काढ!" तो ओरडला. एकशे आठची गाडी यायला अर्धा तास लागणार होता, आणि शेजारच्या योगेशची जीप दारातच मनमाडच्या सीटची वाट बघत उभी होती. आधी बसलेल्या सीटा खाली उतरवल्या, नवसाबाई वर. बाईनं तिला एका कुशीवर धरली आणि जीप पिंपळगावच्या पुढं जाईस्तोवर माहेनूरला सगळं कळवून टाकलं. माहेनूर नाशिकच्या त्याच दवाखान्यात आता नोकरीला होती.

स्ट्रेचर दारातच तयार होतं. माहेनूरनं पहिला प्रश्न टाकला, "किती वाजता झालं?"

"सकाळी कव्हातरी," रंगनाथ म्हणाला. "मी डेअरीला दूध घालायला गेलो होतो."

"असं नाही चालत, काका. नेमकी वेळ."

"पावणेआठ," बाई म्हणाली. "शाळेची गाडी गेली तव्हा ती मला सटवे म्हणत होती. 'सट' नीट आलं, 'वे' लोळला. लिहून घे."

माहेनूरनं घड्याळ बघितलं. सव्वादहा. पळापळ झाली, डोक्याचा फोटो निघाला, रगत फुटलेलं नव्हतं, गुठळी अडकलेली होती. इंजेक्शन लागलं. मग बाई बाहेर बाकड्यावर बसली आणि तिला आठवलं की एका बाजूनं दात घासायचे राहिलेत.

तीन दिवस नवसाबाईच्या तोंडून नुसते तुकडे यायचे. चौथ्या दिवशी सकाळी बाई पेज घेऊन वॉर्डात शिरली. नवसाबाईनं तिला बघितलं, जीभ जुळवली आणि म्हणाली, "सटवे… शेळी बांधली का?"

"आलं गं बाई!" बाई रंगनाथला ओरडून म्हणाली. "'वे'सकट आलं!" आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटाची पेज सांडली.

हात सुधारला. तोंडाचा उजवा कोपरा मात्र जरासा खालीच राहिला. माहेनूरच्या साहेबांनी ते हेरलं, आणि यंदाच्या परीक्षेला फोन आला तो दोघींना. एका खोलीत शेजारीशेजारी दोन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीवर तुटलेली वायर, दुसऱ्या खुर्चीवर विझवलेली डीपी. पोरांनी दोन्ही बघून फरक सांगायचा.

बाईला ही व्यवस्था मुळीच पटली नाय. अकरा वर्षं आपण एकटी खुर्ची सांभाळली, आणि ही पहिल्याच वर्षी येऊन बरोबरीला बसली. वरनं पोरं आधी नवसाबाईकडंच वळायची. "नवी हाय म्हणून," बाई प्रत्येकाला सांगायची. "ह्या धंद्यात माझी ज्युनिअर हाय ती."

शेवटी एक पोरगी आली, घाबरलेली. नवसाबाईसमोर वाकून म्हणाली, "मावशी, भुवया वर करा ना. कपाळाला आठ्या घाला." नवसाबाई परक्या ठिकाणी बावरलेली. तिला काय करायचं ते कळंना. पोरीनं दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. परीक्षक साहेब घड्याळ बघायला लागले. पोरगी रडकुंडीला आली.

बाई खाकरली.

"मावशी, मधे बोलायचं नाही," साहेब म्हणाले.

"बोलत नाय, साहेब. फक्त त्या पोरीला सांगा, तिला आठ्या घालायला सांगू नको. नुसतं माझ्याकडं बघायला लाव."

पोरीनं नवसाबाईची मान हळूच वळवली. नवसाबाईनं बाईकडं बघितलं.

चार पडल्या. दोन्हीकडं सारख्या.