ढोल्याचं पोट

विहिरी खणणाऱ्या ढोल्याला बायको रोज टोमणा मारायची, "आधी पोट खाली उतरतं, मग तुम्ही." एके दिवशी विहिरीचं बांधकाम पुरं व्हायच्या आत त्यानं आधाराच्या फळ्या काढल्या आणि वरची माती ढासळली. तो तळाच्या कपारीत अडकला. दगडावरचे हातोड्याचे ठोके तेवढे वर ऐकू येत होते.

यंत्रानं दिवसात वाट झाली असती, पण उरलेली माती त्याच्या डोक्यावर आली असती. हातानं उपसायचं तर पाच दिवस.

"ताई, पाच दिवस उपाशी माणूस टिकतो होय?" बायकोचा भाऊ तिला म्हणाला.

गावातल्या डॉक्टरीणबाई तिथं आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "खाली पाणी आहे ना? मग टिकेल. यकृतातली साखर दिवसभरात संपते. पुढं शरीर साठवलेली चरबी जाळतं."

सगळे बायकोकडं बघू लागले.

"हातानंच उपसा," ती म्हणाली. "वीस वर्षं ते कोठार मीच भरलंय."

चौथ्या दिवशी ठोके बंद झाले. तरी तिनं यंत्र लावू दिलं नाही.

पाचव्या दिवशी ढोल्या वर आला, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात घसरणारी विजार धरून.

"बघतेस काय," तो पुटपुटला, "नाडी आवळ."