आवक-जावक अक्का

अक्कांना राग आला की त्यांचा आवाज खाली जात असे. इतका खाली की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस आपोआप अपराध्यासारखा दिसे. बंगळुरातल्या यशवंतपूरच्या कारखान्यात मी चार वर्षं होतो. त्यातली शेवटची दोन मी त्यांच्यासमोर असा वाकून काढली. त्या दिवसांचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं, तेव्हा सांगताना माझा तोल सुटला तर सांभाळून घ्या.

कारखाना विजेची बटणं बनवणारा. जुळणी विभागात बासष्ट बायका, बहुतेक कन्नड बोलणाऱ्या. अक्का ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर. आलेली पत्रं नोंदवायची, गेलेली नोंदवायची, ज्याचं त्याला देऊन सही घ्यायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. घराणं मराठी, पण बंगळुरात रुजून कित्येक पिढ्या झालेल्या. त्यांचं बोलणं माझ्या नागपुरी कानाला सुरुवातीला अर्धंच कळे. "स्वल्प थांब रे, सरी आहे का बघते," असं त्या म्हणत आणि मी ‘सरी’ म्हणजे पावसाच्या सरी समजून खिडकीबाहेर बघत असे. ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे बरोबर, हे त्यांनीच मला शिकवलं.

कागद माणसाच्या हातात पडला तरच तो पोचला, नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं, असं त्यांचं ठाम मत होतं. एखादी बाई रजेवर असेल तर तिचं पत्र घेऊन त्या सुटल्यावर तिच्या घरी जात. एकदा मी म्हणालो, अक्का, हे तुमचं काम नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग कुणाचं आहे ते नाव सांग, त्याला नेऊन देते."

मला तिथे घेतलं होतं ते कॉम्प्युटर सांभाळायला. पुढे कार्मिक विभागाच्या साहेबांच्या डोक्यात कागद बंद करायचं आलं. प्रत्येक बाईला ईमेलचा पत्ता, सगळ्या सूचना फक्त मेलवर. मेल फोनवर बघायला मनाई, कारण म्हणे सुरक्षितता. कँटीनशेजारच्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर मांडले. त्यांच्यावर नवे ब्राउझर दम टाकत, म्हणून मी एक जुन्या धाटणीचा फुकट प्रोग्राम घातला. वेबसाइट बघणं, मेल, पत्त्यांची वही, सगळं त्या एकाच प्रोग्रामात. निवड वाईट नव्हती. वाईट होतं ते पुढचं. मी इंग्रजीत आठ पानांची माहिती लिहून भिंतीवर चिकटवली, बासष्ट बायकांना उभ्याउभ्या अर्धा तास हिंदीत काहीतरी ऐकवलं आणि ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा अहवाल दिला. त्या अर्ध्या तासात एकीनेही माउसला हात लावला नव्हता. ते मला दिसत होतं.

अक्का मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. मला सगळं पहिल्यापासून दाखव, म्हणाल्या. खातं उघडताना प्रोग्राम एकेक गोष्ट विचारतो: नाव, पत्ता, मग येणाऱ्या टपालाचा सर्व्हर, जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर. मी वाचून दाखवताच त्या खूश झाल्या. "आवक आणि जावक. हे तर माझंच टेबल आहे की." पुढचा तासभर त्यांनी मला प्रश्न विचारून हैराण केलं. पत्र उघडलं की न उघडलं हे कसं कळतं? ठळक अक्षर साधं झालं म्हणजे वाचलंच असं कशावरून, नुसती नजर गेली असेल तर? पाठवणाऱ्याकडे सही कुणाची राहते? सहीबिही नसते, म्हटल्यावर त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "मग हे कुणाच्या सोयीचं आहे?" मी हसण्यावारी नेलं.

दोनच महिन्यांनी ते कळलं. एका सोमवारी सकाळी सगळ्या बायकांच्या खात्यांवर एक मेल गेला. जुळणी विभाग शहराबाहेरच्या नव्या जागेत हलवणार; सात दिवसांत लेखी नकार आला नाही तर बदली मान्य आहे असं धरलं जाईल; मान्य करून हजर न होणारीचं नाव पटावरून कमी होईल. ती जागा जाऊन-येऊन चार तासांवर. फलकावर कागद नाही, तोंडी शब्द नाही. कुणी मेल उघडत नाही हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं, कारण कोण किती वेळा मेल उघडतं याची यादी त्यांनी आधल्याच आठवड्यात माझ्याकडून घेतली होती. कशाला हवी, हे मी विचारलं नाही.

सूचनांची प्रत अक्कांच्याही खात्यावर येई, आणि मेल रोज उघडणाऱ्या त्या एकट्या. त्या थेट माझ्याकडे आल्या. एरवी मला अरे-तुरे करणाऱ्या अक्का म्हणाल्या, "हे तुम्हाला माहीत होतं?" मी नाही म्हणालो. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझी आठ पानं भिंतीवरून उतरवली आणि कन्नडमध्ये पाचच ओळी लिहिलेला पुठ्ठा टांगला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात लहान चित्रं असतात, त्यातल्या पाकिटावर दाबा. तुमचा परवलीचा शब्द टाका. वरचं ठळक पत्र उघडा. उत्तराचं बटण दाबा. लिहा आणि पाठवा. बाकीचं जग नंतर बघू, त्या म्हणत. आज फक्त पाकीट. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी सुटल्यावर एकेका कॉम्प्युटरपुढे रांग लागे. इंग्रजी अक्षरं जुळवत बायका लिहीत, ‘ननगे ओप्पिगे इल्ला’, मला मान्य नाही, आणि खाली नाव.

अक्का कुणाचंही उत्तर स्वतः लिहून देत नसत. वेळ कमी आहे, तुम्हीच भराभर टाका, असं एकीने सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "नकार तुझा आहे. उद्या साहेबाने बोलावलं तर मी लिहिला असं सांगशील?" परवलीचा शब्द टाकायची वेळ आली की त्या पाठ फिरवून उभ्या राहत. एक साठीला टेकलेली बाई बटण चुकेल या भीतीने रडायला लागली, तेव्हा तिची बोटं त्यांनी पाच मिनिटं आपल्या हातात नुसती धरून ठेवली, आणि मग म्हणाल्या, आता दाब. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकावन्न नकार गेले होते. राहिल्या अकरा.

शनिवारी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. त्या खोलीच्या नेटवर्कचं काम दोन दिवस काढा, म्हणाले. कसलं काम ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझं नुकतंच लग्न झालं होतं, वर्षाअखेरचा शेरा त्यांच्या हातात होता. कारणं होती; सगळ्यांकडे असतात. जेवणाची सुट्टी व्हायच्या पाव तास आधी मी स्वतःच्या हाताने केबल काढली आणि दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा कागद लावला.

अक्का आल्या. कागद वाचला.

"कधी होणार दुरुस्त?"

"सोमवारी."

"म्हणजे मुदत संपल्यावर."

त्या इतक्या हळू बोलल्या की मला खरोखर वाकावं लागलं. "तुमची ती आठ पानं द्या. आवक-जावकचे पत्ते त्यात आहेत. बाकी तुमच्याकडून काही नको."

ती पानं मी दिली. त्या आठवड्यात माझ्या हातून झालेलं बरं काम एवढंच, आणि तेही मागितलं म्हणून.

त्या दुपारी अक्कांनी बंगळुरातल्याच शिवाजीनगरला बसस्टँडमागच्या एका दुरुस्तीच्या दुकानात ओळख काढली. दुकानदाराकडून तोच प्रोग्राम उतरवून घेतला आणि माझी इंग्रजी पानं समोर ठेवून एकेकीचं खातं स्वतः जोडलं. निरोप मिळेल तशा बायका बस बदलून येत राहिल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत नऊ जणींचे नकार गेले. नागरत्नाचा नवरा इस्पितळात होता, ती येऊ शकली नाही. मंगळा गावी गेली होती आणि तिचा फोन लागला नाही.

साठ नकार हातात आल्यावर कंपनीला त्या साठ जणींना हात लावता आला नाही. विभाग अजून तिथेच आहे. या दोघींची मात्र संमती धरून त्यांना नव्या जागेत पाठवलं, आणि रोज चार तासांचा प्रवास न जमल्यामुळे महिन्याभरात त्यांची नावं पटावरून गेली. साहेबांना बढती मिळाली. आवक-जावकचं टेबल, आता कागदच नाहीत म्हणून, बंद केलं. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं अक्कांना गोदामाच्या दाराशी बसवलं. माझा शेरा उत्तम होता.

अक्का निवृत्त झाल्या त्या महिन्यात मीही नोकरी सोडली आणि एका रविवारी येलहंक्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी दिली, माझ्या बायकोची चौकशी केली. मी माफीचं बोलायला लागताच त्यांनी हात वर केला. "माझं तुम्ही काय बिघडवलंत? त्या दोघींकडे जा." पत्ते त्यांना पाठ होते. एका कागदावर त्यांनी ते लिहून दिले.

नागरत्नाकडे मी गेलो. तिने उंबऱ्यातच ऐकून घेतलं, केबल तुम्हीच काढलीत ना, एवढं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर दार लावून घेतलं. मंगळा तुमकूरच्या पुढे माहेरी राहायला गेली होती; कागदावर तिचा तिथलाच पत्ता होता. तिकडे जायचं मी लांबवलं. अक्का दर दोन महिन्यांनी फोन करत आणि शेवटी विचारत, गेलात का? मी काम सांगत असे. असं दीड वर्ष चाललं. मग एक दिवस त्यांच्या मुलीचा फोन आला की अक्का गेल्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तुमकूरची बस धरली. मंगळा अंगणात शेंगा सोलत होती. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी कोण ते सांगितलं, केबलचं सांगितलं. ती मान खाली घालून सोलत राहिली. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती. बोलता बोलता मी म्हणालो, अक्का गेल्या नसत्या तर कदाचित आजही मी आलो नसतो.

तिचे हात थांबले.

"कधी गेल्या?"

मी तारीख सांगितली. ती उठली. शेंगा पायाशी सांडल्या. केबलबद्दल, नोकरीबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. पण आता तिचा आवाज एवढा चढला की शेजारची माणसं बाहेर आली.

"पंधरा दिवस झाले? आणि पत्ता खिशात होता तुमच्या? मग मला का नाही कळवलं?"