गिऱ्हाईकबाईंची तपासणी

तपासणीला आलेला अधिकारी आधी कुठे टेकतो, यावरून व्यवसाय शिक्षण केंद्रातल्या लोकांना पुढचा दिवस कसा जाणार याचा अंदाज येतो. बहुतेक अधिकारी मुख्याध्यापकांच्या खोलीत टेकतात. चहा येतो, फायली येतात, सह्या होतात. या बाई मात्र थेट वर्गात जात आणि पिशवीतून काहीतरी मोडकं बाहेर काढत. वीजकामाच्या वर्गात बंद पडलेली इस्त्री, शिवणाच्या वर्गात अस्तर उसवलेला कोट. सुतारकामाच्या वर्गात तर त्या एकदा घरचं डगमगणारं स्टूल घेऊन गेल्या होत्या. "एवढं करून द्या," म्हणायच्या आणि बाजूला बसून राहायच्या. केंद्रांमध्ये त्यांचं नाव पडलं होतं गिऱ्हाईकबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

सवय तशी अपघातानेच लागली. बाई मुळात शाळेत गणित शिकवायच्या, मग परीक्षा देऊन शिक्षण खात्यात आल्या. सुरुवातीला त्याही फायलीच बघत. एकदा पादत्राणांच्या वर्गाची तपासणी होती आणि नेमकी केंद्राच्या पायरीवर त्यांच्या बुटाची टाच निखळली. समोर आयता वर्ग आहे म्हणून त्यांनी बूट काढून टेबलावर ठेवला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मुलांना बुटाचे भाग तोंडपाठ होते, चामड्याचे प्रकार घडाघडा येत होते. पण कुणाच्या तरी पायातून नुकताच निघालेला, अजून ऊब असलेला बूट त्यांनी कधी हातात धरला नव्हता. बाई त्या दिवशी एक पाय वर, एक पाय खाली अशा घरी आल्या. पुढच्या तपासणीला त्यांनी इस्त्री नेली.

त्यांचा नवरा औषधांचं दुकान चालवायचा. तो म्हणायचा, "दात काढायच्या शिक्षणाची तपासणी तुझ्याकडे नाही, हे आपलं नशीब."

केशकर्तनाच्या अभ्यासक्रमाची मान्यता त्या वर्षी संपत होती. नियम साधा होता. शिकणाऱ्या मुलींनी वर्षभर खऱ्या गिऱ्हाइकांवर काम केलेलं असेल तर मान्यता पुढे चालू, नसेल तर अभ्यासक्रम बंद आणि मुलींची रवानगी दुसऱ्या कुठल्यातरी वर्गात. तो वर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेने स्वतःचं चालतं दुकान बंद करून ही नोकरी धरली होती. केंद्रात हा अभ्यासक्रम तिनेच सुरू केला होता आणि तो बंद पडला तर तिला तिथे दुसरं काही शिकवण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी ती दारातच उभी होती. चेहरा शांत, पण हातातल्या टॉवेलची घडी चार वेळा घालून झाली होती.

बाई खुर्चीत बसल्या आणि केसांची पिन काढली. "खांद्यापर्यंत आहेत. हनुवटीपर्यंत आणा."

एक मुलगी पुढे आली. हसरी, चटपटीत. तिने केस ओले केले, क्लिपा लावून भाग पाडले, मानेपासून सुरुवात केली. कात्री अशी चालत होती की आवाज एका लयीत येत होता. बाईंनी आरशातून बघितलं आणि मनात पूर्ण गुण देऊन टाकले. मग त्या बाकीचं बघायला लागल्या.

मुलीने कात्री स्वतःच्या कमरेच्या पाकिटातून काढली होती. केंद्राच्या कात्र्या समोर ओळीने मांडलेल्या होत्या, त्यांना तिने हात लावला नव्हता. बारीक कंगवा हवा झाला तेव्हा तिने एक खण उघडला, मग दुसरा. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका मुलीने काही न बोलता तिसऱ्या खणाकडे बोट दाखवलं. आणि आता ती बोलत होती.

"टोकं फार कोरडी झालीत हं मॅडम. घरी काय लावता? महिन्यातून एकदा वाफ घेतलीत ना, तर फरक बघा. आमच्याकडे आलात तर मी…"

ती थांबली. कात्रीही थांबली.

"आमच्याकडे म्हणजे कुठल्या दुकानात?" बाईंनी विचारलं.

मुलीने आरशातून शिक्षिकेकडे बघितलं. शिक्षिकेने टॉवेल खाली ठेवला.

"माझीच विद्यार्थिनी आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीची. चौकातल्या दुकानात असते, आज सुट्टी टाकून आली. तिची चूक नाही, मी बोलावलं."

"म्हणजे माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला."

"हो."

इतकं सरळ उत्तर बाईंना अपेक्षित नव्हतं. त्या खुर्चीतच वळल्या. तोपर्यंत डोक्याची डावी बाजू हनुवटीपर्यंत आली होती आणि उजवी अजून खांद्यावर होती.

"या वर्षीच्या मुलींना का नाही उभं केलंत?"

शिक्षिकेने उत्तर देण्याऐवजी मागच्या फळीकडे बघितलं. फळीवर सरावाच्या पुतळ्यांची डोकी ओळीने ठेवली होती आणि एकाच्याही डोक्यावर धड केस नव्हते. पुतळ्याचे केस काही परत वाढत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला हातभर लांब केस असलेली ती डोकी कापून कापून आता सैन्यात भरती झाल्यासारखी दिसत होती. बाईंनी बसल्या जागी नव्या खुर्चीच्या हाताला बोट लावलं. त्यावरचं दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"गिऱ्हाईक येतच नाही?"

"पूर्वी रांग लागायची," शिक्षिका म्हणाली. "आता फाटकावर ओळखपत्र मागतात, फोटो काढतात, आत कुणाला भेटायचंय ते विचारतात. कुणाचे पालक आहात ते विचारतात. केस कापायला आलेली बाई काय सांगणार? दोनदा परत गेली की तिसऱ्यांदा येत नाही."

"फाटकाचा नियम कुणाचा?"

"तुमच्याच खात्याचा, मॅडम. वर्ग चालू असताना बाहेरचं माणूस आवारात नको. परिपत्रक आहे."

बाईंना परिपत्रक चांगलं आठवत होतं. गेल्या वर्षी या केंद्राच्या सुरक्षेची तपासणी त्यांनीच केली होती. फाटकावरच्या माणसाने त्यांनाही अडवलं होतं, आणि त्याबद्दल खूश होऊन त्यांनी पूर्ण गुण दिले होते.

त्या परत आरशाकडे वळून बसल्या. मग मघाशी खणाकडे बोट दाखवणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "तू ये. उजवी बाजू तू कर."

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. "मी?"

"फाटकातून आत आलेलं एवढं एकच गिऱ्हाईक आहे. सोडू नकोस."

मुलीने कंगवा घेतला. पहिलीच गोष्ट तिने केली ती म्हणजे दोन्ही हातांनी बाईंचं डोकं धरून स्क्रू पिळावा तसं डावीकडे फिरवलं.

"अगं, मान आहे ती," बाई म्हणाल्या. "सांगितलंस तर मीच वळवीन."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुलगी लाल झाली. "पुतळ्याला सांगून वळत नाही ना," ती पुटपुटली.

बाईंना हे उत्तर आवडलं. "तुला इकडे कुणी पाठवलं?"

"शाळेतल्या समुपदेशक सरांनी. संगणकावर चाचणी घेतली होती. त्यात आलं की मला माणसांत मिसळण्याची आवड आहे." तिने एक बट दोन बोटांत धरली, सोडली, परत धरली. "आल्यापासून पुतळ्यांत मिसळतेय."

या वेळी सगळा वर्ग हसला, शिक्षिकासुद्धा.

"ते सर नंतर कधी विचारायला आले? कसं चाललंय वगैरे?"

"आम्ही शाळेतून गेलो की त्यांचं काम झालं."

उजवी बाजू संपायला डावीच्या तिप्पट वेळ लागला. भाग बरोबर पाडले होते, कात्री धरण्याची पद्धत बरोबर होती, पुस्तकातलं काही चुकलं नव्हतं. पण कपाळाजवळ बाईंना एक भोवरा होता. पुतळ्याला भोवरा नसतो. ओले असताना सरळ बसलेले केस वाळल्यावर उसळी मारून वर गेले आणि उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड झाली.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षिका पुढे झाली. "मॅडम, दहा मिनिटं द्या, मी सारखं करून देते."

"कुणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "हे उद्या साहेबांना दाखवायचंय."

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. "या बाजूने माझी बायको दिसतेस," तो म्हणाला, "आणि त्या बाजूने तुझा भाऊ."

सासूबाई आतून चष्मा लावत आल्या. त्यांनी सुनेला खिडकीपाशी नेऊन दोन्हीकडून बघितलं. "दोघींनी कापलेत. पास कोण झाली?"

"जी आधीच पास झालेली आहे ती."

"मग दुसरीला पास कोण करणार?"

"तेच बघतेय," बाई म्हणाल्या, आणि जेवण झाल्यावर अहवाल लिहायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी उपसंचालकांच्या खोलीत त्या गेल्या तेव्हा साहेबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग अहवालाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"तब्येत बरी आहे ना, बाई?"

"हा पुरावा आहे, साहेब. फोटो मागे जोडलाय."

साहेबांनी अहवाल वाचला. ते मुळात वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना कागदावर कटकट नको असायची. "खऱ्या गिऱ्हाइकांवर सराव नाही. त्यात जुनी विद्यार्थिनी उभी करून फसवायला बघितलं. यात लिहायचं काय आहे? बंद करा."

"डावी बाजू बघा," बाई म्हणाल्या आणि मान वळवली. "ही त्या शिक्षिकेने शिकवलेली मुलगी. तेव्हा फाटक उघडं होतं. आता ही उजवी. शिक्षिका तीच, पुस्तक तेच, फाटक बंद. शिकवणं बिघडलेलं नाही, साहेब. गिऱ्हाईक आपण बंद केलं."

"म्हणजे खात्याच्या परिपत्रकावर शेरा मारताय."

"हो."

"आणि गेल्या वर्षी त्या फाटकाला पूर्ण गुण कुणी दिले?"

"मीच. तेही लिहिलंय, तिसऱ्या पानावर."

साहेबांनी तिसरं पान उघडलं. लिहिलेलं होतं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. "परिपत्रक काही मी बदलू शकत नाही. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"बदलू नकाच. आवारात बाहेरचं माणूस नको, बरोबर आहे. पण त्या वर्गाची मागची भिंत रस्त्याला लागून आहे. तिथे खिडकी आहे. खिडकीच्या जागी दार केलं आणि वर्गातून आवारात उघडणारं दार धड्याच्या वेळी लावून घेतलं, तर गिऱ्हाईक रस्त्यावरून येईल आणि रस्त्यावरूनच जाईल. आवारात पाऊल पडणार नाही."

"आणि फसवणूक?"

"ती अहवालात आहे, ती राहील. शिक्षिकेला लेखी ताकीद. मान्यता सहा महिन्यांची, अटीवर. शेवटची परीक्षा पुतळ्यावर नाही, दारातून आलेल्या माणसांवर. नापास झाल्या तर बंद करा, मी स्वतः येऊन सही करीन."

साहेबांनी सही केली. पेन खिशात लावताना म्हणाले, "आता जाऊन ते सारखं करून घ्या. बघवत नाही."

बाईंनी आपल्या टेबलावर येऊन शिक्षिकेला फोन लावला. अहवाल टपालाने जाणारच होता, पण तिने तोवर जीव टांगणीला लावून बसावं असं त्यांना वाटेना. त्यांनी सगळं सांगितलं, ताकीदसुद्धा.

"ताकीद मला चालेल," शिक्षिका म्हणाली. "सहा महिने पुरतील. मुलींचा हात वाईट नाही, बुजलाय फक्त." मग तिचा आवाज कामाला लागला. "दाराला परवानगी कुणाची लागेल?"

"मुख्याध्यापकांची. मी त्यांच्याशी बोललेय, ते हो म्हणालेत. पण गवंडी मागवायचा तर निविदा काढावी लागेल, म्हणाले. त्यात चार महिने जातील."

"निविदा कशाला? पलीकडच्या इमारतीत बांधकामाचा वर्ग आहे की. वर्षभर त्याच त्या मैदानात भिंती बांधतात आणि पाडतात."

बाईंनी समोरची दिनदर्शिका ओढून घेतली. "त्यांची तपासणी माझ्याकडेच आहे, पुढच्या महिन्यात. ती अलीकडे आणते. त्यांना सांगा, खिडकी काढून दार बसवायचंय, चौकट सरळ हवी आणि कुलूप एका हाताने लागलं पाहिजे. मी सोमवारी येते."

"काही घेऊन येणार आहात का?" शिक्षिकेने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "या वेळी गिऱ्हाईक तुम्ही आहात. मी नुसती बघत बसेन."