खरी कोराझोन कोण?

अंबादास रेडकरांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, आणि गुणगुणायला तर घरून बंदी होती. बाथरूममध्ये त्यांनी तान घेतली की बायको, नीलिमा, बाहेरून गीझर बंद करायची. असा हा माणूस पुढे गाण्यांमुळेच नावारूपाला आला.

राहायला शारजात, अल मजाजला. नोकरी खोर फक्कानच्या बंदरात, एका शिपिंग एजन्सीत. आलेल्या मालाची कागदपत्रं तपासायची. बावीस वर्षं त्यांचा एकच बाणा: "कंटेनरमध्ये कांदे असतील तर कागदावर कांदेच. बटाटे चालणार नाहीत." डोंगरातल्या बोगद्यांतून रोज जा-ये. सोबतीला मोबाइलवरचा जीरान रेडिओ. जीरान म्हणजे शेजारी. दुबईत ऊद मेथातल्या एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, तिथून हा रेडिओ चाले. प्रत्येक देशाच्या लोकांना आपापला तास. अंबादास परतायचे त्या वेळी येसेनिया नावाच्या कोलंबियन बाईचा कार्यक्रम लागायचा. तिकडची जुनी खेड्यातली गाणी, वर नव्या पोरांनी कॉम्प्युटरवर चढवलेला ठेका.

एका संध्याकाळी गायिका म्हणाली, "मी कोराझोन."

अंबादासांनी आवाज वाढवला. परदेशी बाई चक्क मराठीत स्वतःची ओळख करून देत होती! तेवढ्यात बोगदा आला, रेंज गेली. बाहेर पडले तर दुसरं गाणं, आणि एक पुरुष भसाड्या आवाजात म्हणतोय, "मी कोराझोन."

"अरे, मग ती कोण होती?" अंबादास स्टिअरिंगला म्हणाले.

आठवडाभरात त्यांना नऊ कोराझोन भेटल्या. त्यात चार बाप्ये. नाव एक आणि माणसं नऊ, म्हणजे उघडउघड कागदपत्रांचा घोळ! त्यांना राहवेना. घरी येऊन, बूटही न काढता, त्यांनी रेडिओला फोन लावला. तो थेट प्रसारणात गेला.

"मॅडम, दॅट कोराझोन... ओरिजिनल कौन है?"

येसेनिया इतकी हसली की तिला मध्येच गाणं लावावं लागलं. मग तिने समजावलं, "मिस्टर अंबा, मी कोराझोन म्हणजे माझं हृदय."

"कोणाचं?"

पुन्हा एक गाणं लावावं लागलं. ते संपल्यावर तिने विचारलं, "बरं, आत्ताच्या गाण्यात तुम्हाला काय कळलं?"

अंबादास मोकळेपणाने सांगू लागले, "त्यात काय अवघड आहे? बासरी म्हणजे घरातली म्हातारी, सारखी पुटपुटते. अकॉर्डियन म्हणजे मामा, मानपान मिळाला नाही म्हणून रुसलाय. आणि तो कॉम्प्युटरचा धुम-धुम आहे ना, तो नवा जावई. कोणाला बोलू देत नाही. पण बघा, शेवटी म्हातारी त्याच्याच ठेक्यावर पुटपुटायला लागते."

या वेळी येसेनियाने गाणं लावलं नाही. म्हणाली, "माझे वडील तीच बासरी वाजवायचे. कॉम्प्युटरवाल्या पोरांवर ते कायम चिडलेले. तुम्ही शनिवारी स्टुडिओत या."

झालं! दर शनिवारी 'अंबा सांगतो' सुरू झालं. येसेनिया गाणं लावी आणि अंबादास, स्पॅनिशचा एक शब्द न कळता, मोडक्या इंग्रजी-हिंदीत त्याची गोष्ट सांगत. बिल्डिंगखालचा किराणावाला मुश्ताक सुटे पैसे देताना विचारी, "साब, कल जो बुढ़िया रूठी थी, घर लौटी क्या?" पलीकडच्या टॉवरचा सिरियन न्हावी त्यांना रांग मोडून खुर्चीत बसवी. लेक उर्वी मात्र शाळेत तोंड लपवी. "बाबा, प्लीज! माय फिजिक्स टीचर इज युअर फॅन. इट्स सो एम्बॅरसिंग!"

कौतुकाने माणूस सुखावतो. अंबादास मात्र धास्तावले. एका रात्री ते उठूनच बसले.

"नीलिमा, मी कांद्यांना बटाटे म्हणतोय गं."

"झोपा हो. फ्रीजमध्ये दोन्ही आहेत."

पण त्यांचं मन खाऊ लागलं. गाणाऱ्या बाईचं म्हणणं एक आणि आपण सांगतो भलतंच, हे काही बरं नाही. त्यांनी मोबाइलवर स्पॅनिशचे धडे सुरू केले. सकाळी दाढी करताना आरशाला स्पॅनिशमध्ये सांगायचे, "मांजर दूध पिते." ऑफिसात चहावाल्याला थँक्यूऐवजी 'ग्रासियास'. पावसाळा नाही, मित्र नाहीत, दुसरं व्यसन नाही. सहा महिन्यांत भाषा बऱ्यापैकी कळू लागली.

आणि कार्यक्रमाचं वाटोळं झालं.

"या गाण्यात बाई म्हणते, मासे ताजे आहेत," अंबादास गंभीरपणे सांगू लागले. "मग म्हणते, बाजारात या. मग पुन्हा म्हणते, मासे ताजे आहेत."

"आणि बासरी?" येसेनियाने आशेने विचारलं.

"बासरीला शब्द नाहीत."

श्रोते गळू लागले. मुश्ताकने काळजीने विचारलं, "साब, तबियत तो ठीक है?" रेडिओची मॅनेजर उमैमा सुदानची, मनाची हळवी पण घड्याळाची पक्की. तिने एका शनिवारी अंबादासांना खुर्चीत बसवून चहा दिला आणि हळूच म्हणाली, "हबीबी, तुम्ही आता फार बरोबर सांगता. आजचा कार्यक्रम करा, मग खलास."

अंबादासांचा चेहरा पडला. त्या दिवशी नेमकी नीलिमा सोबत आली होती. निरोपाची कुणकुण तिला नव्हती. ती आली होती खालच्या शिंप्याकडे ब्लाउज टाकायला, आणि एसीसाठी वर येऊन बसली होती. येसेनियाने गाणं लावलं. ढोल, बासरी, वर कॉम्प्युटरचा दणका, आणि बाईचा कळवळून आवाज.

"ही बाई म्हणते," अंबादास खालच्या मानेने म्हणाले, "चंद्र नदीवर आला, तू नाही आलीस."

"चंद्र कसला डोंबलाचा!" मागून नीलिमा कडाडली. माइक चालू होता. "अहो, आवाज ऐका तिचा. हिची कामवाली आलेली नाही! सिंकमध्ये भांडी पडलीत, आणि तो धुम-धुम? दारात पाहुणे. नवऱ्याने न विचारता बोलावलेत!"

येसेनियाने टेबलावर डोकं टेकलं. उमैमा काचेपलीकडे डोळे पुसत होती आणि हाताने खुणावत होती, यल्ला, यल्ला, चालू ठेवा. फोनचे सगळे दिवे लागले.

तेव्हापासून कार्यक्रम दोघांचा झाला. आधी अंबादास खरा अर्थ सांगत, मग नीलिमा तो खोडून काढी. तिची अट एकच: आपण जन्मात स्पॅनिश शिकणार नाही. अंबादासांना आधी राग आला, मग गंमत वाटू लागली, आणि पुढे तर शनिवारची ओढ शुक्रवारपासूनच लागू लागली. घरातली भांडणं इतकी ऐकली जातील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मध्यंतरी खोर फक्कानला लागलेल्या एका जहाजावरून फोन आला. बोलणारा म्हातारा कोलंबियन आचारी, त्याला फक्त स्पॅनिश येई. येसेनिया म्हणाली, "मिस्टर अंबा, भाषांतर तुम्हीच करा."

अंबादासांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. ते पाणी प्यायले.

"काय म्हणतायत?" नीलिमाने विचारलं.

माणूस कागदपत्रांतला, खोटं बोलणं जमेना. "ते म्हणतात... ते चंद्राचं गाणं त्यांच्या आत्याने रचलं. त्यांच्या गावात धुणंभांडी करणारी एक बाई होती. ती एके दिवशी आली नाही. चंद्र उगवला, तरी आत्या नदीवर एकटीच भांडी घासत होती."

नीलिमाने खुर्ची माइकजवळ ओढली.

"आणि पाहुणे?" नीलिमा म्हणाली.

अंबादासांनी विचारलं. उत्तर ऐकून ते खुर्चीत आणखी खाली सरकले.

"सात होते म्हणे."