अठ्ठावीस मात्रांनंतर

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली माझे मेज आहे. शिक्षण नववीत थांबले. तरी अर्जाच्या मसुद्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे नम्रपणे नमूद करतो. वाक्य जुळेपर्यंत मेजाच्या कडेवर बोटांनी रूपक वाजवण्याची माझी सवय. सात मात्रांचा हा ताल मला मुरबाडच्या एका भजनीबुवांनी शिकवला.

नव्वदच्या दशकात भातसानगरच्या धरणावरील एक तरुण अभियंता, मूळचा नागपूरकडचा, रहिवासाच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून घेण्यास आला. मजकूर सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही सात मोजून राहिले काय?"

त्याच्याकडे गिटार होती आणि परदेशी रॉक संगीताच्या कॅसेटी. ते संगीत म्हणजे निव्वळ आरडाओरडा, असे माझे ठाम मत. वसाहतीतल्या खोलीवर त्याने एक गाणे लावले. चारच्या हिशेबाने मान डोलावता डोलावता मी दुसऱ्याच ओळीला चुकलो. तेही सातातच होते.

त्यानंतर दर रविवारी मी तबला घेऊन जाऊ लागलो. त्याने एक खेळ काढला. दोघांनी एकदम सुरुवात करायची. मी सातात वाजवायचे, त्याने चारात, आणि कोणी आपली वाट सोडायची नाही. माझी चार आवर्तने, त्याची सात. अठ्ठावीस मात्रा झाल्या की पुढच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दोघे एकत्र. मध्यंतरी तो इतका परका वाटे की उठून जावे. मग ती सम येई. रूपकात समेवर डाव्या हाताचा डग्गा बोलत नाही. नेमक्या त्या शांततेत त्याची तार घुमे. इतके नेमके मला आयुष्यात दुसरे कोणी भेटले नाही.

वसाहतीच्या गणपतीत हे वाजवायचे ठरले. घरी मंडळी, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, टाळकरी उठून जातील. पण त्याआधीच त्याच्या बदलीचा हुकूम आला.

दोन दिवस खपून मी बदली रद्द करण्याचा अर्ज लिहिला. इतकी वर्षे इतरांची गाऱ्हाणी मांडली. या अर्जात मात्र जनहिताच्या नावाखाली घातलेले प्रत्येक कारण माझे स्वतःचे होते. सही तेवढी त्याची हवी होती.

त्याने तो शेवटपर्यंत वाचला. "अर्ज एक नंबर झाला, भाऊ. पण बदली मीच मागितली होती. आई एकटी आहे तिकडे." सही न करता त्याने कागदाची घडी घातली आणि गिटारीच्या पेटीत ठेवली.

पुढे शेडमध्ये संगणक आले, कॅसेटी गेल्या. संध्याकाळी मंडळी तांदळाची भाकरी थापते. तिची थाप अगदी सरळ, चारात. मी शेजारी बसून पाटावर सात धरतो.

एकदा ती म्हणाली, "रोज बगते मी. कोनाची वाट बगता तुमी?"

"तू थापत राहा. थांबू नको."

ती थापत राहिली. भाकरी पातळ होत गेली, कड फाटू लागली.

"आता नाय जमायची," म्हणत तिने ती तव्यावर टाकली.

माझे एक आवर्तन उरले होते. ते मी एकट्याने पुरे केले आणि समेवर डावा हात उचलून धरला.