आत कोण धावतं

सासूबाई गेल्या, त्या सुमाराला गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मराठी की कोकणी म्हणून गावोगाव सभा चालायच्या, आणि आमच्या डिचोलीच्या घरात त्या कोकणीतून रागवायच्या, मराठीतून पोथी वाचायच्या. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांचं तोंड वाकडं झालं. दोन्ही भाषा एकदमच गेल्या. पुढे वर्षभर, जाईपर्यंत, त्या नुसत्या बघत राहिल्या. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, तिथली गुठळी मेंदूत गेली, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून कितीतरी वर्षांनी माझ्या नवऱ्याच्या छातीत तसंच फडफडू लागलं तेव्हा मी हबकलेच. ते शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, ते घरी बसले आणि हे सुरू झालं. औषधांनी भागेना. शेवटी पणजीच्या एका इस्पितळात जांघेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाच्या आत बारीक डाग दिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ईसीजीचे दोन कागद माझ्यासमोर धरले. जुन्या कागदावर उंच टोकं कशीही उभी होती आणि मधली रेघ थरथरत होती. नव्या कागदावर टोकं सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकाच्या आधी एक बुटका उंचवटा.

"हा पूर्वी नव्हता," त्या म्हणाल्या. "आता वरचा कप्पा नीट चालतोय."

घरी आल्यावर मात्र ह्यांना चैन पडेना. नुसते पडून असले तरी नाडी भरभर चालायची.

"आत कोण धावता गो?" ते विचारायचे.

मी छातीवर हात ठेवून बघायची. ठोका अगदी सरळ, पण ओळखीचा नाही. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी झोपले त्यांच्या आत दुसरंच कोणी राहायला आलंय असं वाटून मी हात काढून घ्यायची. त्यांना ते कळायचं.

महिना व्हायच्या आत, बाजारात मासळी घेताना ते एका दुकानाच्या पायरीवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. मी मनगट धरलं, तर तीच जुनी फडफड. रस्त्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "आवय आयली."

आई आली. मी आधी त्यांचं तोंड बघितलं, वाकडं तर होत नाही ना.

दुकानदाराने आपल्या गाडीतून इस्पितळात पोचवलं. ईसीजीवरून तो उंचवटा गायब झाला होता.

"पहिल्या तीन महिन्यांत असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाग दिलेली जागा अजून सुजलेली आहे. एवढ्यावरून उपचार फुकट गेला असं नाही."

शिरेतून औषध दिलं. संध्याकाळपर्यंत रेघ जागेवर आली. मग मी त्यांना त्या धावण्याबद्दल विचारलं.

"हृदयाला आवरून धरणाऱ्या नसाही थोड्या भाजतात," त्या म्हणाल्या. "ब्रेक जरा सैल झालाय म्हणा."

ब्रेकचं ऐकून ते हसले. कित्येक दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते.

त्यानंतरचे ईसीजी चांगले आले. नाडी अजून थोडी भरभर असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. बाजारातल्या त्या दुपारचं विचारायला मात्र मी बरेच महिने धजले नाही. एकदा चहा घेताना विचारलं, "अहो, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?"

"दिसलं काय नाय. माझ्या पाठीमागे कोण तरी उभं होतं. वळून बघायचं धाडस झालं नाय."

"मग आवयच कशावरून?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दुसरं कोण एवढं गप्प उभं राहील?"

पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत दारात आला होता. ते पाव घ्यायला उठले.